चष्मेकाकांच्या सुरुवाती

चष्मेकाकांना बुद्धिबळाच्या एकवीस सुरुवाती तोंडपाठ होत्या आणि शेवट एकही येत नव्हता. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. वाटू द्या. काकांना मात्र ही गोष्ट समजायला चाळिशी उलटावी लागली आणि ती चारचौघांत कबूल करायला पन्नाशी.

मूळ दोष पुस्तकाचा. एकोणिसाव्या वर्षी, चष्म्याच्या दुकानात नुकते चिकटले होते तेव्हा, रद्दीच्या ढिगात त्यांना बुद्धिबळाचं एक जाडसर पुस्तक सापडलं. जाडसर म्हणजे एके काळी जाडसर असावं. त्यांच्या हाती लागलं तेव्हा त्याचं मागचं अर्धं अंग गायब होतं, कुणाच्या तरी साबणाच्या वड्या गुंडाळण्यात खर्ची पडलं असणार. उरलेल्या अर्ध्यात फक्त सुरुवाती होत्या, एका प्रकरणात एक. पांढऱ्याने काय करावं, काळ्याने त्यावर काय करावं, अशा दहा-बारा, फार तर चौदा खेळ्या व्हायच्या. घोडे बाहेर पडायचे, उंट आपापल्या तिरक्या वाटा धरायचे, राजा कोपऱ्यात सुरक्षित जाऊन बसायचा. आणि मग प्रकरणाच्या शेवटी एक शांत वाक्य यायचं. ‘पांढऱ्याची बाजू किंचित बरी.’ किंवा, ‘काळ्याला तक्रारीला जागा नाही.’ किंवा काकांचं सगळ्यात लाडकं, ‘दोन्ही बाजू समाधानी असाव्यात.’ की लगेच पुढच्या पानावर दुसरी सुरुवात.

शिकवायला कुणी नव्हतं. काकांनी सरळ अर्थ काढला की डाव इथेच संपतो. राजाला कोंडून मात करायची असते, असं पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि ते त्यांनी वाचलंही होतं. पण भांडणं कोर्टात जातात हेही त्यांनी वाचलं होतं, म्हणून काय प्रत्येकाने जायचं? शहाणी माणसं तिथवर जात नसणार. ती बारा खेळ्या खेळून, समोरच्याची बाजू नीट बघून, हात मिळवून उठत असणार. काकांना हा खेळ मनापासून आवडला. जगात एवढा सभ्य खेळ दुसरा नाही, अशी त्यांची खात्री पटली.

लग्न झाल्यावर त्यांनी बायकोलाही पटासमोर बसवलं. ती शाळेत शिवण शिकवायची, सुईच्या टोकासारखी नजर. एक डाव ती निमूट खेळली. काकांनी तेराव्या खेळीला हात पुढे केला तेव्हा तिने पटाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“अहो, एवढी सगळी माणसं उभी करायची आणि मारामारी सुरू व्हायच्या आत घरी पाठवायची?”

“मग काय, मारामारी हवी का तुला?”

“नको हो. पण मग घोडे कशाला आणले?”

काकांनी सोंगट्या गोळा केल्या. त्यानंतर ती काही पटापाशी फिरकली नाही. संसारात मात्र तिला हा खेळ रोज खेळावा लागला. काका कुठल्याही भांडणात ठरावीक जागेपर्यंत यायचे, आवाज चढायच्या बेतात असला की “बरं, राहू दे” म्हणायचे आणि उठायचे. पुढची खोली रंगवली, मागची राहिली. एका शेजाऱ्याशी भिंतीवरून बोलाचाली झाली, ती “बघू” वर थांबली आणि भिंत अजून ओलीच आहे. माणूस इतका गोड की त्याच्यावर धड रागावताही येत नाही, हे बायकोचं दुःख होतं.

दुकान अरुंद आणि लांबुळकं होतं. पुढे काउंटर, आरसे, फ्रेमांच्या रांगा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. खिडकीपाशी स्क्रूभाऊंचं टेबल. स्क्रूभाऊ म्हणजे चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू बसवणारे कारागीर. नजर अजून तल्लख, पण कान जवळजवळ संपलेले. आणि मागे, जाड हिरव्या पडद्याआड, काकांची खोली. डोळे तपासायची. तिथे दिवसासुद्धा संध्याकाळ असायची. खोली लहान, तेवढ्या अंतरावरून अक्षरं वाचून घेता येत नाहीत. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे, उलट्या अक्षरांचा, आणि समोर आरसा. माणूस आरशात बघायचा आणि त्याला पाठीमागची उलटी अक्षरं दूरवर सुलटी दिसायची. काका पेटीतून एकेक काच काढून जड गोल फ्रेममध्ये सरकवत विचारायचे, “ही बरी, की ही? आता? पहिली, की दुसरी?” दिवसातून हजारदा. आयुष्यभर काकांनी हेच केलं, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि विचारलं की कुठली बरी.

काही गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास बसवावं लागे. तेवढा वेळ काका त्या अंधुक खोलीत स्टुलावर बसून सुरुवातींमध्ये हिंडून यायचे. डोळे उघडेच असायचे, पण माणूस तिथे नसायचा. इटालियन नावाच्या सुरुवातीत गेलं की त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटे. सगळी दारं उघडी, तिसऱ्या खेळीला उंट अंगणात येऊन समोरच्या राजाच्या उंबऱ्याकडे बघत उभा. लपवाछपवी नाही. स्पॅनिशमध्ये तोच उंट एक घर पुढे जातो आणि प्याद्याला हात न लावता त्याची राखण करणाऱ्या घोड्याला जाऊन सतावतो. तिथे काकांना दुपार वाटे, लांबलचक, जिन्यावर कुणीतरी बसून आहे आणि उठायचं नाव घेत नाही. फ्रेंच म्हणजे बंद खोली. काळा स्वतःच प्याद्यांची भिंत उभी करतो आणि स्वतःचाच उंट तिच्यामागे कोंडून घेतो. सिसिलियनमध्ये पांढरा सरळ काही विचारतो आणि काळा उत्तर द्यायचं सोडून कडेने भलताच प्रश्न टाकतो. त्या वाटेला काका फारसे जात नसत, तिथे फार वारं सुटतं. वजिराच्या गॅम्बिटमध्ये पांढरा एक प्यादं देऊ करतो, “घ्या ना, घ्या,” म्हणतो, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे परत जाणार आहे. कुठली बरी? काकांनी वर्षानुवर्षं एकीशेजारी एक ठेवून पाहिल्या. दर वेळी इटालियनपाशी येऊन त्यांचा जीव थंड होई.

याला कारण पुस्तक नव्हतं, लेक होती. लेकीला त्यांनी सातव्या वर्षी हीच सुरुवात पहिल्यांदा शिकवली. संध्याकाळी जेवणाआधी बापलेक पट मांडून बसायचे. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नसत. ती घोडा उचलला की तो पोचेपर्यंत श्वास रोखून धरायची. पुस्तकातलं शेवटचं वाक्य आलं की दोघं उभी राहत, हात मिळवत, आणि काका गंभीर आवाजात म्हणत, “दोन्ही बाजू समाधानी असाव्यात.” ती तितक्याच गंभीरपणे म्हणायची, “असाव्यात.” स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, “समाधान झालं असेल तर ताटं घ्या.” सात वर्षं हे चाललं. चष्मेकाका आयुष्यात सगळ्यात सुखी कधी होते, असं कुणी विचारलं तर त्यांना उत्तरासाठी काचा बदलाव्या लागल्या नसत्या.

चौदाव्या वर्षी लेकीने शाळांच्या स्पर्धेत नाव दिलं. एका मोठ्या हॉलमध्ये लांब टेबलांवर पंचवीस-तीस पट मांडलेले, भिंतीला टेकून पालक उभे, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले एक व्यायामशिक्षक पंच म्हणून फिरताहेत. काका तिसऱ्या रांगेच्या टोकाला उभे होते. लेकीकडे पांढऱ्या सोंगट्या. पहिल्या तीन खेळ्यांतच त्यांनी ओळखलं, इटालियन! त्यांना इतकं बरं वाटलं की ते तिथे उभ्या-उभ्याच तंद्रीत गेले. पुढे पटावर काय चाललंय हे त्यांनी पाहिलंच नाही. ते लेकीच्या मानेकडे बघत राहिले, केसांत खोचलेल्या पेन्सिलीकडे बघत राहिले.

तेराव्या खेळीनंतर लेक उभी राहिली आणि प्रसन्न चेहऱ्याने तिने हात पुढे केला.

समोरची मुलगी गोंधळली. तिने हात मिळवला आणि पंचांकडे पाहिलं. पंच आले. “डाव सोडलास?” त्यांनी लेकीला विचारलं.

“नाही सर, संपला ना डाव.”

“संपला कसा? मात कुठे झाली?”

“मात नाही. संपला. इथे हात मिळवायचा असतो.”

आजूबाजूच्या दोन-तीन पटांवरची पोरं हसायला लागली. मग पालक हसायला लागले. पंच काही दुष्ट नव्हते, तेही हसले आणि म्हणाले, “असं कुणी शिकवलं तुला?” लेकीने मान वळवून बापाकडे पाहिलं. आता बाबा येतील आणि या सगळ्यांना समजावून सांगतील, अशा पूर्ण भरवशाने पाहिलं.

काका पुढे आले. त्या दहा पावलांत त्यांना सगळं उमगलं होतं. पुस्तक अर्धं होतं, पंचवीस वर्षं ते अर्धाच खेळ खेळत होते, आणि हे आता सगळ्यांना कळणार. कानशिलं तापली. आणि त्यांच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला.

“अहो, मी असं कधी शिकवलं नाही हिला,” काका म्हणाले. “पोरीच्या ऐकण्यात काहीतरी गल्लत झाली.”

लेक रडली नाही. फक्त बघत राहिली. हजारो डोळ्यांचा नंबर काढलेल्या माणसाला त्या नजरेचा नंबर आजवर काढता आलेला नाही.

घरी येताना काकांनी विचारलं, “रागावलीस?” ती म्हणाली, “नाही.” काका म्हणाले, “बरं.” तिने पट कपाटावर ठेवला, वरून जुनी चादर टाकली, आणि विषय संपला. संपला कसला, तेराव्या खेळीला थांबला. बापाकडून ती दुसरं काय शिकली होती?

काकांनी पंधरा दिवसांत अख्खं पुस्तक मिळवलं. त्यात सुरुवातींच्या मागे मधला खेळ होता आणि त्याच्या मागे शेवट, चांगली दोनशे पानं. ती पानं त्यांनी कधी उघडली नाहीत. लाज वाटली. माणूस लाजेने काय काय करतो! हे काकांसारखं मऊ माणूस, मुंगी दिसली तर पाय उचलून बाजूला ठेवणारं, आणि त्याने स्वतःच्या फजितीचा घोट चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडात ओतला. हे त्यांना ठाऊक होतं. पुढची अकरा वर्षं एकही दिवस असा गेला नाही की ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून सुरुवातींचं काम बदललं. काका अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसून आता हे तोलायला लागले की लेकीशी या विषयाची सुरुवात कशी करावी. इटालियन करावी? सरळ जावं आणि म्हणावं, “मी खोटं बोललो”? पण इटालियनमध्ये समोरचाही सरळच येतो, चौथ्या खेळीला दोघं डोळ्याला डोळा भिडवून उभे असतात. तेवढी छाती नव्हती. मग एकदा स्पॅनिश करून पाहिली. तिच्यापाशी न जाता तिची राखण करणाऱ्याला गाठलं.

“अगं, तू विचार ना तिला. अजून तिच्या मनात आहे का ते.”

बायको मशीनवर होती. तिने सुईवरून नजर काढली नाही. “तुमचं घोडं तुम्हीच पुढे काढा. मी नाही हाकणार.”

मग गॅम्बिट. लेक शिक्षण संपवून दुसऱ्या गावी नोकरीला लागली, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. काकांनी स्वतः निवडून, स्क्रूभाऊंकडून दांड्या नीट करून घेऊन, तिला उन्हाचा एक सुरेख चष्मा पाठवला. ती म्हणेल, “कशाला पाठवलात?” मग आपण म्हणू, “असंच. बरेच दिवस तुला एक सांगायचं होतं.” लेकीचा फोन आला. “छान आहे, बाबा. पण माझ्याकडे आहे. आईला द्या ना.” झालं. गॅम्बिट नाकारला.

इंग्लिश सुरुवातही त्यांनी मनात खेळून पाहिली. बाजूच्या प्याद्याने, आडवाटेने, हवापाण्यावरून हळूहळू मध्यावर. हवापाण्यावर ते उत्तम बोलायचे. मध्य काही यायचा नाही. खरं सांगायचं तर ही अकरा वर्षं काका फक्त फ्रेंच खेळत होते. भिंत उभी, आणि सांगायचं ते सगळं तिच्यामागे कोंडलेलं. खोलीत अर्धवट अंधार, आरशात लांब कुठेतरी अक्षरांचा तक्ता तरंगतोय, गिऱ्हाईक डोळे मिटून बसलंय, आणि काका स्वप्नात कुठल्यातरी स्टेशनवर लेकीला सामोरे जाताहेत, तिची पिशवी हातात घेताहेत, तोंड उघडताहेत. नेमकी तेव्हाच बाहेरून हाक यायची, “काका, थेंबांची वेळ झाली का?”

लेक सुट्टीला यायची. हसायची, बोलायची, आईला मशीनमध्ये दोरा ओवून द्यायची. बापाशी वैर असं काही नव्हतं, तेच तर वाईट होतं. तिच्या कामाच्या गोष्टी ती सांगे. पाण्याची एकेक बाटली ती तीन-तीनदा तपासते म्हणे, आणि तरी शेवटी दुसऱ्या कुणाला तरी दाखवते. तिथली मंडळी तिला ‘परत एकदा’ म्हणूनच हाक मारतात. “परत एकदा आली का? परत एकदाला फोन द्या.” बायको हसायची. काकांना अभिमान वाटायचा. पोरगी किती काटेकोर निघाली!

मग एका शनिवारी, भर अकरा वाजता, लेक दुकानात आली. “बाबा, बाटल्यांवरचे आकडे वाचताना डोकं दुखतं. डोळे बघता?”

बाकावर गिऱ्हाइकं होती. फ्रेम मोडलेल्या एक बाई, एक बसड्रायव्हर, एक निवृत्त पोस्टमास्तर. काकांनी त्यांची माफी मागितली आणि लेकीला पडद्याआड नेलं. ती खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकले. काकांनी जड गोल फ्रेम तिच्या कानांवर ठेवली, नाकावर नीट बसवली. अकरा वर्षांत तिच्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ ते आले नव्हते.

“आरशात बघ. चौथी ओळ. ही बरी,” काच सरकवत ते म्हणाले, “की ही?”

“सारख्याच वाटतात.”

“आता? पहिली, की दुसरी?”

“नक्की नाही सांगता येत.” ती काकांकडे वळली. “तुम्हाला कुठली वाटते?”

“मला काय वाटायचंय? डोळे तुझे.”

“हो, पण माझं चुकत असेल.”

काकांनी दोन काचांमधला फरक वाढवला. आता तो आंधळ्यालाही कळला असता. लेक पुढे झुकून आरशात बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

“दुसरी असावी,” ती म्हणाली. “पण परत एकदा दाखवा ना. आणि तुमच्याकडे मशीनने पण कळतं ना? मशीन काय म्हणतं ते धरा. माझं नका धरू.”

काकांचा हात काचेसह हवेतच राहिला. अशी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती, वर्षाला दोन-चार. डोळे ठणठणीत, पण उत्तर देता येत नाही. कधीतरी, कुठेतरी, त्यांना जे स्पष्ट दिसलं होतं ते ‘तसं नव्हतंच’ म्हणून कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगणारा माणूस भरवशाचा असतो. अशा माणसांपुढे काका जीव ओतायचे, दहादा विचारायचे, आणि मनातल्या मनात त्या सांगणाऱ्याला शिव्या घालायचे.

“हे कधीपासून असं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“आपलं चुकत असेल, असं वाटणं.”

लेक हसली. “मी पहिल्यापासून अशीच आहे, बाबा. मला ऐकलेलं नीट कळत नाही, पाहिलेलं लक्षात राहत नाही. म्हणून तर सगळं तीनदा करते.”

“नव्हतीस तू अशी.”

आरशात तक्त्याची अक्षरं दूर कुठेतरी पाण्यात असल्यासारखी दिसत होती, आणि त्यांच्या पुढ्यात तिचा चेहरा, गोल काचांमागे, लहान मुलीसारखा. एकवीस सुरुवातींपैकी एकही काकांना आठवली नाही. कुठलीच नाही. त्यांनी काच पेटीत ठेवली आणि मधूनच, कुठल्याही खेळीवरून आल्यासारखं, बोलायला लागले.

“तुझ्या ऐकण्यात गल्लत झाली नव्हती. मीच तसं शिकवलं होतं. हात मिळवायचा, डाव संपला म्हणायचं, सगळं मीच. मला स्वतःलाच पुढचं येत नव्हतं. त्या दिवशी लोक हसले आणि मला लाज वाटली, म्हणून मी तुझ्यावर ढकललं. खोटं बोललो मी, बाळा.”

लेकीने फ्रेम उतरवली. सावकाश, दोन्ही हातांनी. ती मांडीवर ठेवली.

“मी आठवून आठवून बघायचे,” ती म्हणाली. “रात्रंदिवस. तुम्ही नक्की काय म्हणाला होतात. सात वर्षांतली एकेक संध्याकाळ. आधी वाटायचं बाबा खोटं बोलले. मग वाटलं, बाबा कशाला खोटं बोलतील? बाबा खोटं बोलतच नाहीत. मग माझंच चुकलं असणार. मग मला खरंच तसं आठवायला लागलं. तुम्ही मात शिकवताय आणि मी खिडकीबाहेर बघतेय, असं. जे झालंच नव्हतं ते आठवायला लागलं हो मला!”

“चुकलो मी.”

“थांबा. ‘चुकलो’ म्हणून उठू नका आता.” तिचा आवाज चढला. काकांनी सवयीने “बरं” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. “अकरा वर्षं! आणि सांगताय कुठे, तर या अंधारात, पडद्यामागे? तेव्हा हॉलमध्ये सगळे दिवे लागलेले होते. माणसं होती. माणसांसमोर बोलला होतात तुम्ही.”

बाहेर बाकावरचं बोलणं बंद पडलं होतं. काका उठले. ते पडद्यापर्यंत गेले आणि त्यांनी तो एका बाजूला सारला. दुकानातला लख्ख उजेड एकदम आत आला. बाई, ड्रायव्हर, पोस्टमास्तर, तिघंही त्यांच्याकडे बघत होती.

“ही माझी मुलगी,” काका म्हणाले. “लहान असताना हिला मी बुद्धिबळ चुकीचं शिकवलं. आणि स्पर्धेत ते उघडं पडलं तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक हिची आहे. चूक हिची नव्हती. माझी होती. मी खोटं बोललो.”

बसड्रायव्हर उगाच टोपी हातात घेऊन फिरवायला लागला. स्क्रूभाऊंनी खिडकीपाशी मान वर केली.

“काय म्हणालात?”

काकांनी दीर्घ श्वास घेतला. “मी खोटं बोललो!” ते ओरडले. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून आत बघायला लागला. “माझ्या मुलीवर! चूक माझी होती!”

“हां,” स्क्रूभाऊ म्हणाले, आणि थोड्या वेळाने, विचार करून, “हे वाईट केलंत.”

“हो,” काका म्हणाले. “फार वाईट केलं.” त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. पाठीमागे लेक येऊन उभी राहिलेली त्यांना कळली. तिने त्यांना हात लावला नाही. पण ती उजेडात आली होती.

पोस्टमास्तर जरा पुढे सरकले. त्यांना स्वतःला या खेळाचं वेड असावं, कारण अशा वेळी विचारू नये ते त्यांनी विचारलं. “कुठल्या सुरुवातीने खेळत होतीस, बेटा?”

“इटालियन,” लेक म्हणाली.

“आणि हात पुढे केलास तेव्हा डाव कसा होता?”

लेकीने क्षणभरही विचार केला नाही, कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. “तिचा घोडा पटाच्या कडेला अडकला होता. परतायची वाट मी बंद केली होती. दोन खेळ्यांत मला मिळत होता. जिंकत होते मी.”

चष्मेकाकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं. अकरा वर्षांत त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.